शेण्या कुणाचा?

ठेल्याखाली बसलेलं ते मांजर तुमचं का, असं कुणी विचारलं की चाय-हूनबाई हातातला झारा आपटत. "माझं? माझं कशाला असेल! बाजाराचं आहे ते." तेरा वर्षं हे एकच उत्तर. आणि तेरा वर्षं रोज सकाळी सहाला, पहिल्या गिऱ्हाईकाच्याही आधी, त्या विकत असलेल्या मासळीच्या गोळ्यांतले पहिले गोळे ठेल्याखाली जायचे. तेही बिनमिठाचे, वेगळ्या पातेल्यात उकडलेले.

आपलं म्हणून काही कबूल करायचं नाही, हा बाईंचा स्वभावच. मुलगा तायपेहून घरी आला तरी शेजारणीला सांगायच्या, "तो आलाय, जेवायला." त्यांच्या लहानपणी लुकांग गावात लाडक्या पोरांना मुद्दाम घाणेरडी नावं ठेवत, म्हणजे भुताखेतांची नजर जाऊ नये. बाईंनी तोच नियम मांजराला लावला आणि त्याचं नाव ठेवलं शेण्या.

शेण्याही काही कमी नव्हता. नसबंदीची खूण म्हणून एका कानाचं टोक छाटलेलं, दुसरा कान मारामाऱ्यांत फाटलेला. तेरा वर्षांत त्याने कुणाला अंगाला हात लावू दिला नव्हता. खाऊन झालं की तो बाईंवर फिस्कारायचा. बाईही त्याच्यावर फिस्कारायच्या. दोघांचं छान चाललं होतं.

यंदा मात्र तो गोळ्याला तोंड लावायचा आणि किंचाळून मागे सरायचा. लाळ गळू लागली, बरगड्या मोजता येऊ लागल्या. गल्लीतल्या मांजरांची उस्तवार करणाऱ्या यु-थिंगने पिंजरा लावून त्याला पकडलं, डॉक्टरकडे नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप घेऊन ती ठेल्यावर आली.

"मावशी, हिरड्या पार सडल्यात त्याच्या. सगळे दात काढले तर बोळक्या तोंडानं मजेत जेवेल म्हणतात डॉक्टर. पण म्हातारा झालाय, मूत्रपिंडं थकलीत. भूल दिल्यावर उठेल की नाही, सांगता येत नाही."

"आणि नाही काढले तर?"

"औषधांवर थोडे दिवस काढेल. मग उपासमार. खर्चाचं आमचा गट बघेल, पण दुपारपर्यंत हो की नाही कळवायचंय. तुम्ही सांगा."

"मी कशाला? माझं थोडंच..."

"ठाऊक आहे, बाजाराचं आहे. मग बाजाराला विचारून सांगा!" असं म्हणून ती पोरगी फणकाऱ्याने निघून गेली.

बाजाराला विचारून काय होणार? खाटीक म्हणाला असता कापा, भाजीवाली म्हणाली असती राहू द्या. बाईंनी गॅस बंद केला आणि कोपऱ्यावरचं भूमीआजोबांचं, म्हणजे वस्तीच्या राखणदार देवाचं, देऊळ गाठलं. खरं सांगायचं तर त्यांना उत्तर नकोच होतं, निर्णय कुणाच्या तरी माथी मारायचा होता. मांजर मेलंच, तर देवाने सांगितलं तसं केलं म्हणता यावं.

देऊळ एवढुसं. आत पांढऱ्या दाढीचे आजोबा, बाहेर स्टुलावर देवळाची देखभाल करणारे बून-हाई काका भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेले. बाईंनी उदबत्त्या लावल्या, देवाचा कौल घेण्याचे चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे हातात घेतले, रीतीप्रमाणे आपलं नाव, पत्ता, जन्मतिथी सांगितली आणि म्हणाल्या, "बाजारात एक मांजर आहे. त्याचं ऑपरेशन करावं का?"

तुकडे जमिनीवर पडले. एकाची सपाट बाजू वर आणि एकाची फुगीर आली तर 'हो'. दोन्ही फुगीर म्हणजे 'नाही'. बाईंच्या नशिबी दोन्ही सपाट आले, म्हणजे देव हसला.

पुन्हा टाकले. देव पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच.

"आजोबांना आज भलतंच हसू येतंय," बाई वैतागल्या.

"येणारच," काका शेंगदाणा तोंडात टाकत म्हणाले. "काम कुणाचं ते सांगितल्याशिवाय कसं उत्तर देतील ते? उद्या मी येऊन विचारलं, बाजारातल्या कुणाचं तरी लग्न लावू का, तर? मांजर कुणाचं?"

"बाजाराचं!"

"मग बाजाराला पाठव उदबत्ती लावायला. तू ऊठ."

बाई उठल्या नाहीत. भुतंखेतं ऐकत नाहीत ना, अशा नजरेने त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग डोळे मिटले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "माझं आहे. शेण्या. माझं मांजर आहे. त्याचं ऑपरेशन करू का?"

या वेळी आजोबा हसले नाहीत. दोन्ही फुगीर बाजू वर. स्वच्छ 'नाही'.

बाई बघत राहिल्या. कुणीतरी ठरवून द्यावं, हेच तर हवं होतं. पण त्यांना रडूच फुटलं, आणि रडता रडता रागही आला. "म्हणजे उपाशी मारू त्याला? तेरा वर्षं खाऊ घातलंय मी!"

"माझ्यावर काय ओरडतेस? आजोबा म्हणाले ते."

"ऐकलं मी त्यांचं." बाईंनी तुकडे जागेवर ठेवले, वाकून नमस्कार केला आणि फोन लावला. "यु-थिंग, डॉक्टरांना सांग, काढा दात. सही करायला मीच येतेय. हो, मालकीण म्हणून!"

काका शेंगा विसरले. "अगं, देवाने नाही म्हटलंय! भुलीतून उठला नाही तर?"

"तर रडेन," एप्रनने डोळे पुसत बाई म्हणाल्या. "माझं मांजर गेलं म्हणून, मोठ्याने. बाजाराच्या मांजरासाठी तेवढंही रडता आलं नसतं मला."