पेवात सोडलेला कंदील

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. दुसरं कोणतंही काम माझ्यावर सोपवायला कोणी धजत नाही, हे त्याचं खरं कारण. धुळ्याच्या बोर्डिंगातले माझे पराक्रम पुतण्यांना तोंडपाठ आहेत. मी भाकऱ्या कशा करपवल्या, गणिताच्या पेपरात मला झोप कशी लागली, आणि माझ्याकडे दिलेले कंदील रोज संध्याकाळी ऐन प्रार्थनेत कसे विझायचे. कंदिलांपाशी मी गोष्ट थांबवतो. पोरं हसत उठून जातात. पुढचं त्यांना सांगितलेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

बोर्डिंगात सगळी खेड्यांतली शेतकऱ्यांची मुलं. घरोघरची ज्वारी यायची, ती मागच्या अंगणातल्या पेवात भरायची आणि तोंडावर दगड ठेवून मातीनं लिंपून टाकायची. जमिनीच्या पोटातलं हे कोठार उघडायची रीत आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोंड उघडून दिवसभर तसंच ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरेल. विझली तर आतली कोंडलेली हवा जीव घेते.

त्या वर्षी तपासणीला साहेब यायचा होता. बरोबर मोठा लवाजमा, आणि पिठाचे डबे रिकामे. आमचे गृहपती पुण्याकडचे, पेव म्हणजे काय ते त्यांनी धुळ्याला आल्यावर पाहिलं. सकाळी दगड सरकवला आणि लगेच म्हणाले, "चला, उतरा कोणीतरी."

माझ्या खोलीतला सोबती साक्रीकडचा होता. त्याच्या वडिलांना आसपासच्या पाच गावांत पेव उघडायला मानानं बोलावत. तो म्हणाला, "गुरुजी, आज दिवसभर उघडं राहू द्या."

"आणि साहेबाला काय उपास घडवू?"

"मग कंदील तरी सोडू."

कंदील अर्थातच माझा. मी दोरी बांधून सोडला. दोन हात खाली गेला आणि विझला. सगळे खो खो हसले. गृहपतीसुद्धा हसले. "अरे, याचा कंदील प्रार्थनेत टिकत नाही, तो पेवात काय टिकणार?"

सोबत्यानं मला हळूच विचारलं, "घासलेट भरलं होतंस ना?"

भरलं होतं. साहेब येणार म्हणून जन्मात पहिल्यांदा मी सकाळीच सगळे कंदील काठोकाठ भरले होते. पण चार माणसं आपल्यावर हसत असली की त्यांचं हसू मोडणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आजही जमत नाही. मी म्हणालो, "कोणाला आठवतंय!" आणखी हशा झाला. दुसरा कंदील आणायला कोणाला सवड नव्हती. सोबती टोपली घेऊन खाली उतरला, तोही हसतच.

दोरीला गळ लावून त्याला वर काढलं तेव्हा टोपलीचा काठ त्याच्या मुठीत होता.

चौकशी होणार म्हटल्यावर कमिटी बसली आणि ठरलं की बोर्डिंगच्या अन्नाला ओल लागेल या काळजीनं, कोणी न सांगता, तो स्वतःहून उतरला. पेव बुजवून त्यावर चौथरा बांधला, शिळा बसवली. दर वर्षी त्या दिवशी सभा आणि त्यागावर भाषण. शिवाय समाजाची सेवा म्हणून मुलांची एक तुकडी कंदील घेऊन खेड्यांत जायची, शेतकऱ्यांना पेव कसं उघडावं ते शिकवायला! एका गावी एक म्हातारी अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरेहो, आमना पेवमा आजलगून कोनी मरनं नही. तुमना बोर्डिंगलेच शिकाडा." त्या भेटीचा अहवाल माझ्याकडे होता. 'ग्रामस्थांनी उत्साहानं स्वागत केलं' असं मी लिहिलं.

सोबत्याचे वडील दर वर्षी सभेला येत. मागे बसत, आणि सभा सुटली की कोणाला तरी गाठून आपल्या पोराबद्दल एकच विचारत, "मना आंडोरनी दिवा सोडा व्हता का?" कमिटीतले एक गृहस्थ त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आबा, मुलगा अमर झाला. आता दिव्याचं काय घेऊन बसलात?"

पण म्हाताऱ्याचं सगळं त्या दिव्यावरच होतं. स्वतःहून उतरला, म्हणजे दिवा न सोडताच उतरला, असं गावानं धरलं. पाच गावांची पेवं उघडतो आणि पोराला एवढं शिकवलं नाही! त्यांना बोलावणं बंद झालं. माणसं त्यांच्या दारावरून पुढे जाऊन दुसऱ्याला बोलावू लागली.

मी पुढे जळगावला कोर्टात कारकून झालो. माजी विद्यार्थी म्हणून सभेला जायचो, आणि आबा दिसले की पान खायला बाहेर सटकायचो. इतकी वर्षं पान खाऊन दात गेले. शेवटी एकदा त्यांनी मला जोड्यांपाशी धरलं. एक जोडा पायात, एक हातात, पळणार कुठे?

"भाऊ, तू त्याना खोलीमा व्हता ना?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यानी तुले इचारं?"

"विचारलं."

"आनि तू हासना." हा प्रश्न नव्हता. मग म्हणाले, "हाई मना गावमा ईसन सांग."

तुकडीबरोबर मी त्यांच्या गावी गेलो. पारावर माणसं जमली. माझं तोंडच असं आहे की मी उभा राहिलो तेव्हा दोघंतिघं आधीच हसू लागले. नंतर कोणी हसलं नाही. हल्ली ज्याला पेवांसाठी बोलावत, त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे दिवा इझना व्हता?"

"विझला होता, नाना. घासलेट होतं, तरी विझला. मला माहीत होतं, मी बोललो नाही."

आबा उठले. पागोटं नीट केलं. "बठ्ठास्नी ऐकं ना? मना आंडोरनी दिवा सोडेल व्हता."

मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. वाटेत उत्तरंसुद्धा घोकली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलांना भाकरीला घरी नेलं. मी पारावर बसून राहिलो. पाणीही कोणी विचारलं नाही. दारात आलेल्याला पाणी न विचारणारं गाव खानदेशात मी ते एकच पाहिलं.

कमिटीला मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की शिळा थोरांच्या हस्ते बसवली आहे, मजकूर बदलता येत नाही, आपल्या भावनांचा आदर आहे.

पुढच्या सभेला आबा आले नाहीत. त्यांचं काम झालं होतं. वक्ते म्हणाले, "कोणी न सांगता तो वीर उतरला," टाळ्या पडल्या, आणि पाहतो तो माझेही हात वाजत होते. शेजारी नवे गृहपती बसले होते. त्यांनी वाकून विचारलं, "आपण ओळखत होता त्यांना?"

"एका खोलीत होतो."

"केवढं भाग्य आपलं!" ते म्हणाले.