दाराबाहेर थांबा, सासूबाई उठताहेत

"ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन," डॉक्टरबाई म्हणाल्या. सासूबाईंचं बीपी त्यांनी आधी झोपवून मोजलं होतं, मग उभं करून. उभ्या राहिल्याबरोबर ते घसरलं आणि सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. सोप्या भाषेत सांगायचं तर माणूस झटकन उठतो, रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या क्षणात माणूस पडतो.

"या वेळी मनगटावर निभावलं," प्लास्टर तपासत त्या म्हणाल्या. "हाडं ठिसूळ आहेत. पुढच्या वेळी खुबा मोडेल. या वयात खुबा मोडलेले सगळेच परत चालत नाहीत."

ज्यांचं कुणी वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमचं घर सांगवीच्या जुन्या गावठाणातलं. मी वाकडला नोकरी करते, नवरा चाकणच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. सासूबाईंची शुगर वर-खाली व्हायला लागली आणि दिवसभर घरी कुणी नसायचं, म्हणून त्यांना मोशीजवळच्या सेंटरमध्ये ठेवलं होतं. तिथेच त्या पडल्या.

माझा स्वभाव यादी करायचा. हॉस्पिटलातून परततानाच केली. बाथरूममध्ये धरायला दांडे. पायपुसणी बंद. मागे पट्टा असलेल्या चपला. पलंग खाली. उशाशी घंटा. बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केला. सगळ्यावर टिकमार्क झाले आणि मी निर्धास्त झाले.

मग फोन आला. सासूबाई पुन्हा पडल्या होत्या. भरदुपारी, कोरड्या फरशीवर, पायात त्याच चपला. भुवईवर टाके.

मी पोहोचले तेव्हा शेजारच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिथे बीडकडच्या एक आजी असायच्या. विचारलं तर सिस्टर म्हणाली, "खुबा मोडला होता ना, ताई. झोपून झोपून छातीत कफ झाला, त्यातच गेल्या." आजींचा चष्मा अजून खिडकीतच होता.

त्या रात्री मी यादी पुन्हा काढून वाचली. यादीत काय राहिलं तेच कळेना.

टाके काढायला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी फरशीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "पडलात तेव्हा खोलीत कोण आलं होतं, आजी?"

"पयल्यांदा थोरलं भावजी. मंग राऊंडचं डाक्टर."

"म्हणून उठलात?"

"मंग? पुरुष माणूस दारात, अन् मी हातरुणात पसरू व्हय? येवढी काय मी बेशरम न्हाई."

"मी आले की नाही उठत!"

"तुमी बाईमाणूस. तुमच्यापुढं कशाला उठू?"

डॉक्टर हसल्या. मला हसू येईना. लग्न होऊन आल्यापासून मी बघते आहे. घरातला मोठा पुरुष आला की सासूबाई पलंगावरून उतरणार, डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी उभ्या राहणार. सेंटरमध्ये त्यात राऊंडची भर पडली होती. आया आधी धावत येऊन सांगायची, "चला आजी, उठा, डॉक्टर आले!"

"उठू नका म्हणून सांगितलं तरी त्या ऐकणार नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "उठायला वेळ द्या."

आता पद्धत अशी आहे. आत त्यांच्याजवळ आया किंवा घरची बाई असते. येणाऱ्या पुरुषाने बाहेरूनच आवाज द्यायचा. सासूबाई कुशीवर वळून बसतात, पाय खाली सोडतात, पावलं हलवतात. चक्कर नसेल तरच पलंगाजवळचा दांडा धरून उभ्या राहतात. मग पदर घेतात आणि "या" म्हणतात. तोवर आत यायचं नाही.

सगळ्यात अवघड होते तात्या, म्हणजे त्यांचे थोरले दीर. "माझ्याच भावजयीला भेटाया परवानगी मागू व्हय गं?"

"तात्या, तुम्हाला बघून त्या उठतात आणि पडतात. आता पडल्या तर परत उठणार नाहीत."

काठी टेकत ते दारातून मागे वळले. मग बाहेरच्या बाकावर बसले. "सांग तिला, सावकाश म्हनावं. मला कुठं कांदं घेऊन चाकणच्या बाजाराला जायाचंय."

धोका संपलेला नाही. ताप आला, पाणी कमी प्यायल्या, की बीपी पुन्हा घसरतं. पण 'कोण आलं होतं' हे विचारल्याबद्दल त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. मी फरशी, चपला, दांडे बघत होते. येणाऱ्या माणसांकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

परवा बाहेर तात्यांच्या काठीचा आवाज आला. सासूबाईंनी पाय खाली सोडले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. तरी पावलं फरशी शोधत होती. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हाताखाली गुडघा उठायला धडपडत होता.

बाहेरून तात्या म्हणाले, "निवांत ऱ्हा. मी हाय हितंच."

त्या हळूहळू पुन्हा आडव्या झाल्या. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि उशीवरूनच म्हणाल्या, "या."