चोरीला न जाणारी कचेरी

अल्वा क्रॅबट्रीनं बांधलेली पहिली कचेरी चोरीला गेली.

लाकडाची होती. एका रविवारी सगळं टॅलबट गाव चर्चमध्ये गात होतं. तेवढ्यात शेजारच्या हार्मनी गावच्या लोकांनी तिच्याखाली ओंडके सरकवले, बैल जुंपले आणि न्यायाधीशाच्या खुर्चीसकट अख्खी जिल्हा कचेरी गवताळ माळावरून ओढत नेली. आत कोठडी होती, कोठडीत एक घोडेचोर होता. तो म्हणे गजांतून हात हलवत गेला. टॅलबटचे पुरुष मागे धावले. नाकं फुटली, दात पडले, एकाचा कान जुवाखाली गेला. कचेरी मात्र हार्मनीत पोचली.

कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात तेव्हा हीच रीत होती. कचेरी आणि तिचं दप्तर ज्या गावात, जिल्ह्याचं ठाणं त्या गावात. ठाणं असेल तिथं रेल्वे येणार, बँक येणार, वकील येणार. नसेल त्या गावात दोन-चार वर्षांत पुन्हा गवत उगवणार. मतदान व्हायचं, पण ते कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही.

अल्वा मुळात सुतार. ओहायोहून आला तो रंध्याची पेटी घेऊन. टॅलबटला त्यानं दारावर पाटी रंगवली, ‘आर्किटेक्ट’. त्याचा मेहुणा डेल मॅडॉक्स पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

“दाजी, हे काय असतं?”

“जो घराचा आधी कागदावर विचार करतो तो.”

“म्हणजे भिंत पडली की कुणाला बडवायचं, ते आता नक्की कळणार!”

पण बांधलं त्यानं खूप. टॅलबटचं मेथडिस्ट चर्च त्याचं, शाळा त्याची, बँक त्याची. दक्षिणेला दोन गावं सोडून एक नाटकघरही त्याचंच. त्याचा मनोरा ऊन उतरलं की चक्क सुंदर दिसायचा. आणि त्याची प्रत्येक इमारत एका बाजूनं अर्धवट. हा दोष त्याचा नव्हे, गिऱ्हाइकांचा. प्रत्येक गावाला वाटायचं, आपण उद्या शिकागो होणार. मग सांगायचे, “एक बाजू मोकळी ठेव, पुढं दालन वाढवू.” अल्वा त्या बाजूच्या दोन्ही कोपऱ्यांवर एकाआड एक दगड दातांसारखे बाहेर काढून ठेवायचा आणि मधला भाग विटांच्या एकेरी भिंतीनं तात्पुरता झाकायचा. दालन वाढवताना त्या विटा पाडायच्या आणि नवे दगड दातांत अडकवायचे. दालन कुठंच वाढलं नाही. माळावर ठिकठिकाणी त्याच्या इमारती दात विचकून उभ्या राहिल्या.

मग हार्मनीचा जिल्हा कारकून ऑरिन पेल त्याच्याकडे आला. टोपी हातात, आवाज लोण्यासारखा.

“क्रॅबट्रीसाहेब, कचेरी बांधायची आहे. दगडाची.”

“मी बांधलेली आहे की तुमच्याकडे. तुम्हीच नेलीत.”

“तीच तर भीती! आम्ही नेली तशी कुणीही नेईल.” पेल ओशाळं हसला. “आम्हाला चोरीला न जाणारी हवी.”

अल्वानं हो म्हणायला नको होतं, असं टॅलबटमध्ये आजही म्हणतात. पण दगडाची कचेरी! त्यानं रात्रंदिवस तीच पाहिली होती. तो हो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी अंगणात माणसं जमली. पुढं डेल.

“चोराचं घर बांधणार तू? आमच्यात राहून?”

“डेल, इमारत इमारत असते.”

“आणि लाथ लाथ असते.”

त्यांनी त्याला कुंपणाशी लोळवलं. कुणीतरी बुटाच्या टाचेनं त्याच्या बरगड्या मोजल्यासारख्या एकेक दाबल्या. अल्वानं दोन्ही मुठी काखेत दाबून धरल्या, हात वाचावेत म्हणून. तेव्हा त्याची बायको लिओटा परसात साबण शिजवत होती. ती उकळता डोल घेऊन आली आणि तिनं तो सख्ख्या भावाच्या खांद्यावर ओतला.

डेल किंचाळला. “लिओटा! मी तुझा भाऊ!”

“म्हणून खांद्यावर. नाहीतर तोंडावर ओतला असता.”

बरगड्या बांधून अल्वा हार्मनीला जाऊ लागला. येन्स नावाचा डेन्मार्कचा पाथरवट त्यानं जोडीला घेतला. आडदांड, लाल मानेचा माणूस, शिव्या त्याच्या भाषेत द्यायचा म्हणून कुणाला लागायच्या नाहीत. दोघांनी मिळून भिंती उठवल्या, हातभर जाडीच्या. दार एकच, ओकचं, लोखंडी पट्ट्यांचं. खिडक्यांना गज, आणि गज इतके जवळ की जिल्ह्याच्या दप्तरातलं एकही बाड त्यातून बाहेर काढता येऊ नये. ही युक्ती अल्वाचीच. तिचं त्याला फार कौतुक होतं. जमिनी, जिने आणि वरचा मनोरा मात्र लाकडाचे, कारण दगड वाहून आणताना बैल मरत होते.

उत्तरेची भिंत बांधताना पेल म्हणालाच, “एवढी बाजू मोकळी ठेवा हं. हार्मनी वाढणार.”

येन्स हसून हसून चुन्याच्या घमेल्यात बसला. “चोर येऊ नये म्हणून किल्ला बांधा, आणि एका बाजूला पडदा लावा!”

पण गिऱ्हाईक म्हणेल ते. विटांची एकेरी भिंत उठली. बाहेरून गिलावा करून येन्सनं त्यावर आणि वरच्या मनोऱ्यावरही दगडांच्या रेघा मारल्या, आतून लाकडी फळ्या ठोकल्या. पाहणाऱ्याला चारी बाजू सारख्याच वाटायच्या. काम संपलं आणि पेलनं येन्सला तिथंच पहारेकरी म्हणून ठेवून घेतलं.

त्या वर्षी मतदानात टॅलबट जिंकलं. हार्मनीनं निकाल मानला नाही. दप्तर आत, दार बंद. पूर्वी असं झालं की बैल आणायचे, चार ठोसे द्यायचे-घ्यायचे, संध्याकाळी दोन्हीकडचे आपापल्या गावात फुशारक्या मारायचे. आता ओढून नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून लोकांनी बंदुका काढल्या.

डेल अल्वाच्या स्वयंपाकघरात आला. कॉफी न विचारता ओतून घेतली.

“दाजी, ते दार कसं फुटेल?”

“नाही फुटणार.”

“खिडकी?”

“नाही. मी बांधलंय ना.”

“मग जाळतो.”

“दगड जळतो होय?”

डेलनं कप खाली ठेवला. “दगड नाही जळत. माणूस जळतो. धूर झाला की दार उघडतील झक मारत.”

तो गेला. अल्वानं लिओटाला हाक मारली.

“काय झालं?” लिओटानं विचारलं.

“दार आत उघडतं, लिओटा. लोखंडी पट्ट्या तापल्या की दार वाकून चौकटीत अडकतं. त्यांनी उघडायचं ठरवलं तरी ते उघडणार नाही. आणि आत येन्स आहे.”

लिओटानं खुंटीवरची टोपी त्याच्या हातात दिली. “मग माझ्याकडे काय बघतोस?”

तो खेचरावरून हार्मनीला पोचला तेव्हा दुपारचा वारा सुटला होता. रस्त्यात हार्मनीचे दोन लोक उताणे पडले होते, एकाच्या तोंडावर माश्या. टॅलबटच्या बंदुका चौकात, हार्मनीच्या बंदुका घरांच्या छपरांवर. कचेरीच्या दाराशी गवतानं भरलेली गाडी पेटून उभी, आणि वारा ती आग सरळ दारात लोटत होता. पट्ट्या लाल झाल्या होत्या. जोत्यावरच्या फटींतून ज्वाळा आतल्या लाकडी जमिनीला लागल्या होत्या.

गजांमागे पेलचं तोंड दिसलं. काळं, ओलं. “घ्या! दप्तर घ्या तुमचं! आम्हाला बाहेर काढा!”

“टाक बाहेर!” डेल ओरडला.

पेलनं एक जाडजूड बाड गजांवर आपटलं. आडवं धरलं, उभं धरलं. निघेना. त्यानं हात बाहेर काढला, तो खांद्यापर्यंतच आला. पेल रडायला लागला.

“अरे दार उघड की, मूर्खा!”

“उघडत नाही! उघडत नाही रे!”

जाळायचं डेलच्या मनात होतं, पण असं नव्हतं. “गाडी ओढा!” तो म्हणाला. दोघं पुढं झाले आणि भुवया जळल्या तसे मागे आले.

इतक्यात अल्वाला ठोके ऐकू आले. धप्प, धप्प. उत्तरेकडून. येन्स! ती भिंत विटांची आहे, हे येन्सला माहीत होतं. पण बाकाचा पाय घेऊन भिंत पाडत होता बिचारा.

लोहाराच्या दुकानातून अल्वानं घण उचलला आणि भिंतीकडे धावला. पहिला घाव घातला, गिलाव्याचे खोटे दगड गळून पडले. छपरावरच्या हार्मनीवाल्यांना एवढंच दिसलं की टॅलबटचा एक माणूस आपली कचेरी फोडतोय. त्यांनी गोळी झाडली. ती दगडावरून उसळली. दुसरी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं घेऊन गेली.

“हार्मनीवाल्यांनो!” डेल ओरडला. “अरे तुमचीच माणसं काढतोय तो, गाढवांनो!” आणि त्यानं छपरावर बंदूक रोखून अल्वासाठी गोळ्या चालवल्या. एक माणूस कौलांवरून घसरत खाली आला, पिंपावर आदळला आणि उठला नाही.

अल्वानं घण काखेत अडकवून फिरवला. रक्तानं दांडा निसटत होता. “येन्स! कोपऱ्याकडे मार! दातांच्या कडेला!”

आतून डॅनिश शिवी आली. मग विटा आत कोसळल्या. धुराबरोबर पेल बाहेर पडला, गुडघ्यांवर. टॅलबटच्या कुणीतरी बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा जबडा फोडला. का, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यामागून येन्स आला, दाढी जळालेली, पाठीवर कचेरीचा एक शिपाई. शिपाई केव्हाच मेला होता. येन्सला ते ठाऊक नव्हतं.

“दाजी,” डेल भगदाडापाशी आला, “दप्तर कुठल्या खोलीत?”

“आत जाऊ नकोस. मनोरा खाली येणार.”

“दगडाचा आहे तो.”

“लाकडाचा आहे! तुळया जळतायत!”

“बाहेरून ही भिंतही दगडाची होती.” डेल हसला. “खरं तरी कधी बोलतोस तू?”

तो वाकून आत शिरला. अल्वानं डाव्या हातानं त्याचा कोट धरला, पण त्या हाताला पुरती बोटं उरली नव्हती.

मनोरा घंटेसकट खाली आला.

संध्याकाळी अल्वा घरी पोचला तेव्हा बातमी आधीच पोचली होती. लिओटा टेबलाशी बसली होती. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं.

“भोक तू पाडलंस?”

“हो.”

“त्यातून तो आत गेला.”

“हो. मी सांगितलं होतं त्याला.”

“तुझं कधी ऐकलंय त्यानं?” ती म्हणाली. मग गरम पाणी आणलं, हात धुतला, चिंधी बांधली. चिंधी डेलच्याच जुन्या शर्टाची होती. घरात दुसरी नव्हती. त्यानंतर कितीतरी महिने ती त्याच्याशी फक्त जेवणाचं आणि जनावरांचं बोलली.

जिल्ह्याचं ठाणं अखेर दोन्ही गावांना मिळालं नाही. लष्कर आलं, आणि रेल्वेनं वसवलेल्या तिसऱ्या गावात कचेरी ठरली. बांधायला अल्वाच, कारण दुसरं कोणी नव्हतं. नव्या मंडळींसमोर त्यानं कागद पसरला. चारी बाजूंना चार दारं, सगळी बाहेर उघडणारी. खिडक्यांना गज नाहीत.

“चोरांना पत्रिकाच धाडताय की!” एकजण म्हणाला.

“येऊ देत चोर.”

“आणि दप्तर नेलं तर?”

“नेऊ देत. दुसरं लिहा.”

बरीच वादावादी झाली. अल्वा उठून टोपी घालायला लागला तेव्हा मंडळी कबूल झाली.

उद्घाटनाला लिओटाही आली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. न्यायाधीशाचं भाषण चाललं होतं. ती गर्दीच्या मागून निघाली आणि इमारतीला वळसा घालत एकेका दारातून आत जाऊन, आतून खांदा लावून, ते ढकलून बघू लागली. पूर्वेचं उघडलं. दक्षिणेचं उघडलं. पश्चिमेचं दार थोडं चिकटलं. तिनं दोनदा खांदा मारला, मग सरळ भाषणाच्या मधेच हाक घातली.

“अल्वा! हे अडतंय!”

न्यायाधीश थांबला. लोकांनी माना वळवल्या. अल्वा मंचावरून उतरला, पेटीतून रंधा काढला आणि तीन बोटांच्या हातानं दाराची कड तासायला लागला. लिओटानं दार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

“अजून,” ती म्हणाली. “अजून काढ.”