स्क्रू आवळणारा दादासाहेब

दादासाहेबाला मी तोंडावर 'साहेब' म्हणायचो. आता तो समोर नाही, म्हणून इथं 'तो' म्हणतो. माझी हिंमत तेवढीच.

तो आला की आधी त्याची ब्रीफकेस टेबलावर यायची. एकदा ती सुटून आमच्या छापखान्याच्या फरशीवर पडली, तेव्हा आतला ऐवज सगळ्यांनी पाहिला : एक स्क्रूड्रायव्हर, तीन फ्लॉप्या, केसांचा कंगवा आणि बडीशेपेची पुडी. मी वाकून सगळं गोळा करून दिलं.

मूळचा तो कोऱ्हाळे बुद्रुकचा. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केला म्हणायचा; सर्टिफिकेट कुणी पाहिलं नव्हतं आणि मागायची कुणाची छाती नव्हती. बारामतीत दोन खोल्यांत त्यानं कंप्युटर क्लास काढला होता. चपला बाहेर, आत थंड हवा आणि अगरबत्तीचा वास. लोक देवळात शिरावं तसे शिरायचे आणि तोही पुजाऱ्यासारखाच वागायचा, गाभाऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "आमच्या आज्ज्यानं मेंढरं राखली, मी कंप्युटर राखतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावर लोक हसायचे. मीही हसायचो.

मी इंदापुरात इमामभाईंच्या छापखान्यात बावीस वर्षं अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले. पंचाण्णव साली इमामभाईंनी कंप्युटर घेतला आणि माझे खिळे पोत्यात गेले. मी प्रुफं तपासायला उरलो. कंप्युटरवर बसली इमामभाईंची सून समिना. ती वालचंदनगरची. बाप तिथल्या कारखान्यात फिटर, पोरगी क्वार्टरमध्ये वाढलेली, बारावी झालेली. बोलणं कमी. तीन वर्षांत तिनं त्या यंत्रावर पत्रिका जुळवून निम्म्या तालुक्याची लग्नं लावली.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एक दिवस पडदा जांभळा झाला आणि त्यावर उभे पट्टे आले. दादासाहेबाला बोलावणं गेलं. पडद्यावर चित्र पाठवणारं डिस्प्ले कार्ड गेलंय, असं तो म्हणाला, आणि ते खरंच गेलं होतं. त्याच्या हातून घडलेली बरोबर गोष्ट मी नोंदवून ठेवतो, कारण ती एकच आहे.

दुसऱ्या दिवशी तो नवीन कार्ड घेऊन आला. कंप्युटरचा डबा उघडला, जुनं कार्ड उपटलं, नवीन खोबणीत बसवलं आणि मागच्या पत्र्याला त्याचा स्क्रू असा काही आवळला, की जणू बैलगाडीच्या चाकाची खीळच ठोकतोय.

समिना म्हणाली, "सर, जरा बेतानं."

"वहिनी, टाइट असलं की टेन्शन न्हाय," तो म्हणाला.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. डब्यातून एक लांब शिट्टी आली आणि मागोमाग दोन आखूड. पडदा काळा ठिक्कर.

"शिट्टी कसली वाजली?" समिनानं विचारलं.

"मशीन सलाम करतंय. चांगलं लक्षण हाय."

त्यानं बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा एक लांब, दोन आखूड. पडदा तसाच. त्याच्या आज्ज्याला कळपातली कुठली मेंढी कशानं ओरडतेय ते अंधारातही कळत असणार. इथं भर दुपारी यंत्र हाका मारून दुखणं सांगत होतं आणि नातू कंगवा काढून भांग पाडत होता.

"मॉनिटर गेला," त्यानं निकाल दिला.

मॉनिटर जीपमध्ये घालून बारामतीला नेला. तीन दिवसांनी परत आला. क्लासातल्या कंप्युटरवर मॉनिटर ठणठणीत चालला होता. मग दादासाहेबानं इंदापूरच्या लाइटला नावं ठेवली. लाइट खालीवर होते, कार्ड घाबरतं, असं तो इमामभाईंना सांगत होता आणि इमामभाई मान हलवत होते. मग तो समिनाच्या बांगड्यांकडे वळला.

"काचेच्या बांगड्यांनी करंट तयार होतो. बाईमाणसाचं हेच असतंय."

समिनानं बांगड्या मनगटावरून मागं सारल्या. मी मात्र बोललो. "आसंल, साहेब," असं म्हणालो. त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते. काचेतून करंट जात नाही हे मला चौथीपासून ठाऊक होतं.

पळसदेवचे आबाजी रोज येऊन बाकावर बसायचे. नातीचं लग्न अठरा दिवसांवर आलेलं आणि पत्रिकेचा मजकूर त्या काळ्या पडद्याच्या मागं अडकलेला. "पावणं इचारत्यात, पत्रिका कुठं हाय? काय सांगू?" ते म्हणायचे. दादासाहेबानं त्यांना शेवटचं सांगितलं, "आबा, मदरबोर्डच मेलाय. नवा आणावा लागंल. पंधरा दिवस धरा." आणि ब्रीफकेस उचलून तो गेला.

आबाजी उठले. छत्रीच्या दांड्यावर भार देऊन थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर पडले. समिनानं ते पाहिलं. तिनं कपाटाखालचं खोकं ओढलं. कंप्युटरबरोबर आलेली पुस्तिका त्यात होती; दादासाहेबानं ती पहिल्याच दिवशी "हे वाचायचं नसतंय" म्हणून बाजूला टाकली होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत छापलेली. समिना एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. शेवटून दुसऱ्या पानावर शिट्ट्यांचा तक्ता होता.

"तात्या, हितं बघा. एक लांब, दोन आखूड. डिस्प्ले कार्ड लागलेलं न्हाय."

"पण साहेबांनी तर बसवलंय," मी म्हणालो.

"बसवलंय. लागलंय का, ते बघू."

तिनं वायर काढली, डबा उघडला आणि मला बॅटरी धरायला सांगितली. नवीन कार्ड खोबणीत होतं, पण एका टोकाला त्याचे सोनेरी दात केसभर वर दिसत होते. तिनं स्क्रू सैल केला, कार्ड अंगठ्यानं दाबलं. टक्क आवाज होऊन ते खाली बसलं. स्क्रू आवळायला घेतला, तसं ते त्याच टोकाला पुन्हा उचललं गेलं.

"कार्डाला जोडलेली ही पत्र्याची पट्टी वाकडी हाय," ती म्हणाली. "अब्बू सांगायचे, पत्रा वाकडा आसला की बोल्ट जेवढा आवळशील तेवढा तो बसलेलं उपटतोय."

तिनं पक्कड मागितली. पट्टी दोनदा वाकवून बघितली, तिसऱ्यांदा सरळ बसली. बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी, आणि पडद्यावर पांढरी अक्षरं. इमामभाई छपाईचं यंत्र सोडून धावत आले. समिना गालात हसली, बस्स.

पण काम संपलं नव्हतं. चित्र आलं ते ढोबळ, अक्षरं भाकरीएवढी, रंग मोजून सोळा. पत्रिकेचं पान निम्मं पडद्याबाहेर. नवीन कार्ड कसं चालवायचं ते यंत्राला सांगणारी फ्लॉपी दादासाहेबाच्या ब्रीफकेसमध्ये होती. फोन केला, तर म्हणाला, "ती तुमाला कळायची न्हाय." समिनानं फोन ठेवला, बुरखा घातला आणि मला म्हणाली, "तात्या, चला बारामतीला." आम्ही एस.टी. पकडली.

क्लासात वीसेक मुलंमुली बसली होती. समिनानं दारात उभं राहून सांगितलं, "सर, मशीन चालू झालं. कार्ड नीट बसलं नव्हतं, पट्टी वाकडी होती. आता फ्लॉपी द्या."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मला वाटलं, आता तरी माणूस ओशाळेल. पण ओशाळायलाही आत काही असावं लागतं. तो वर्गाकडे वळला आणि हसून म्हणाला, "बघा. ह्यांना मी फोनवर गाइड केलं, आणि इंदापूरला बसून बाईमाणसानं मशीन चालू केलं. शिक्षण असं पाहिजे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं फ्लॉपी काढून दिली, वर समिनाला शाबासकी दिली. ती म्हणाली, "पुढच्या वेळी स्क्रू कमी आवळा." पण टाळ्यांत ते पहिल्या बाकापर्यंतच पोचलं असेल.

परत येऊन तिनं यंत्र अर्ध्या ताकदीवर, म्हणजे 'सेफ मोड'मध्ये, चालू केलं, जुन्या कार्डाची नोंद पुसली, फ्लॉपी घातली. दोनदा अडकलं, तिसऱ्यांदा रंग आले. आबाजींच्या पत्रिका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छापून झाल्या.

पुढं भिगवणपासून निमगावपर्यंत लोक समिनाला बोलवू लागले. ती डबा उघडण्याआधी शिट्टी ऐकायची. पण रीत अशी पडली, की आधी दादासाहेबाला बोलवायचं, त्यानं बिघडवून ठेवलं की समिनाला. बारामतीतल्या एका मंडळानं शाल-श्रीफळ दिलं ते त्याला. भाषणात तो म्हणाला, इंदापूरची एक मुस्लिम भगिनी माझ्या हाताखाली तयार झाली.

समिनाला मी हे सांगितलं. ती कुणाचा तरी कीबोर्ड उलटा करून झटकत होती.

"तुमी तितं होता का, तात्या?"

"व्हय."

"मग उठून खरं सांगितलं का न्हाय?"

मी समोरचं प्रुफ तपासायला घेतलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. दादासाहेबाकडे तिनं असं कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्यासारख्याकडून तिला अपेक्षाच नव्हती. मग ती कीबोर्डची बटणं पुसू लागली.