चालायला लागली की ये

नगर स्टेशनच्या फलाटावर आमच्या मालकांनी मला एवढंच सांगितलं, "चालायला लागली की ये." मग खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना सोडून चार दिवसांच्या वर कुठं राहिले नव्हते, आणि गाडी हलली तरी हा माणूस आपला चपलेतच. अंगठा काही तुटलेला नव्हता, मी बघितलं होतं. लई राग आला. मागं वळून कर्जतची एसटी गाठायची आणि संध्याकाळचं दूध डेअरीवर घालायचं, म्हणून बहुतेक रडायला सवड नव्हती त्यांना.

माझ्या मांडीवर ठमी होती, सहा महिन्यांची नात. कागदावर नाव स्वरा. शेजारी बसलेली सून प्राजक्ता बाळंतपणाला संगमनेरला माहेरी होती. तिची रजा संपली आणि बंगळूरला कामावर हजर व्हायची वेळ आली. माझा मुलगा सागर तिथंच नोकरीला. त्यांच्या सोसायटीतलं पाळणाघर चालणारीच पोरं घेतं. म्हणून ठमी चालेपर्यंत मी. "तू तर आता रिकामीच आहेस की," सागर म्हणाला. मी अंगणवाडी सेविका होते, नुकतीच निवृत्त झालेली. गावातली निम्मी पोरं माझ्या वजनकाट्याला लोंबकळून मोठी झाली, आणि मी रिकामी!

निघताना शेजारच्या रजियाभाभींनी स्टीलच्या डब्यात गुळाचे खडे आणि खोबऱ्याच्या वाट्या भरून दिल्या. आमच्या गल्लीत लेकरानं पहिलं पाऊल टाकलं की घरोघर गूळ-खोबरं वाटायची रीत आहे. भाभी म्हणाल्या, "बाई, पाऊल पडंल तवा तिकडं वाटा, पन आमच्या हिश्श्याचं इकडं आणायला इसरू नका."

तिकडं वाटायचं कुणाला, हे दोघींनाही सुचलं नाही.

घर चौदाव्या मजल्यावर. सकाळी नवाला दोघं बाहेर पडली की दार आपोआप बंद होऊन टुंग करायचं, आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि ठमी. गावात लेकरू कधी एकटं वाढत नाही. रस्त्यानं जाणारी बाईसुद्धा थांबून विचारते, मान धरली का, दात आला का, आणि वर गाल ओढून जाते. मग आपण बोटं मोडत दृष्ट काढायची. इथं दृष्ट लावायलासुद्धा माणूस नव्हतं.

पहिल्यांदा आधार न घेता बसली, तेव्हा मी एकटीनं टाळ्या वाजवल्या. राहवेना म्हणून मालकांना फोन लावला.

"अहो, बसली!"

"कोन?"

"ठमी!"

"मंग बसू दे की." मागं गाय हंबरत होती. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. बराच वेळ मी ती गायच ऐकत बसले.

खालचा पहिला दात टोचला, त्या दिवशी मी समोरच्या घराची बेल वाजवली. त्या बाईला मराठी येईना, मला कन्नड. मी ठमीचा ओठ खाली करून दाखवला. तिला वाटलं, काहीतरी मागायला आलेय. बिचारीनं वाटीभर साखर आणून दिली. ती घेऊन मी परत आले आणि साखरेच्या डब्यात ओतून ठेवली.

हॉलच्या कोपऱ्यात सागरनं अंड्याएवढा कॅमेरा लावला होता. "आई, तुझ्यावर लक्ष ठेवायला नाही हं. आम्हाला ऑफिसात ठमी दिसावी म्हणून." पहिले काही दिवस मी त्याच्यापुढनं पदर सावरून जायचे, एकदा तर त्याच्यावर रुमालच टाकला. पुढं तो तिथं आहे हेही विसरले.

नववा महिना लागला असेल. प्राजक्ता कामावरून आली, चप्पल काढून तशीच हात पसरून पुढं आली, आणि ठमीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसून भोंगा पसरला. अंगणवाडीत मी आयांना सांगायचे, "लेकरू परक्या माणसाला रडायला लागलं की घाबरू नका, त्याला माणसं कळायला लागली." त्या संध्याकाळी ते प्राजक्ताला सांगायचं सोडून मी ठमीची पाठ थोपटत राहिले. प्राजक्ताचे हात तसेच पुढं. मग ती बेसिनशी गेली आणि किती तरी वेळ हात धूत राहिली. मला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी बरंही वाटलं.

सुरवातीला मीच तिच्या मागं लागायचे, "चाल गं बाई लवकर, मला गाया स्वप्नात दिसाय लागल्यात." पण ती टीपॉयला धरून उभी राहायला लागली आणि माझं ते म्हणणं बंद झालं. उभी राहिली की मी तिला खाली बसवायचे. "लवकर उभं केलं की पाय वाकडे होतात," असं वर प्राजक्ताला सांगायचे. असं बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना मी जन्मभर हसले होते!

तो मंगळवार होता. दुपारची वेळ. मी खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या सतरंजीवर तिचे कपडे घड्या करत बसले होते. ठमीनं टीपॉय सोडला. हात वर करून जरा डुलली, आणि आली. दोन-तीन पावलं असतील. धपकन माझ्या मांडीत पडली आणि स्वतःच हसायला लागली. मी तिला आवळून धरलं. उठून डबा काढला, गुळाचा कण तिच्या जिभेला लावला, एक खडा माझ्या तोंडात टाकला. मग डबा हातात घेऊन दारापर्यंत गेले. तिथनं परत आले आणि झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी प्राजक्तानं रोजच्यासारखं विचारलं, "आई, आज काय केलं हिनं?"

"काय करणार? खाल्लं, झोपली."

पहिलं पाऊल आईच्याच डोळ्यांसमोर पडावं, अशी मी मनाची समजूत घातली. ती निम्मी खरी होती. निम्मं खरं हे, की पाऊल पडलं म्हटलं की सागर माझं तिकीट काढणार होता. त्यानंतर रोज दुपारी ठमी घरभर चालायची, आणि संध्याकाळी टुंग वाजलं की मी तिला कडेवर घ्यायचे.

लेकराला किती दिवस कडेवर कोंडणार? रविवारी सागरच्या हातातला रिमोट बघून ती सरळ हॉल ओलांडून गेली. सागर ओरडला काय, नाचला काय! मी डबा काढायला स्वयंपाकघरात गेले. उघडून बघते तर खोबऱ्याची एक वाटी निम्मी मोडलेली. प्राजक्ता मागं येऊन उभी होती.

"मी खाल्लं, आई. त्या मंगळवारी रात्री." तिनं हॉलमधल्या कॅमेऱ्याकडं मान केली. "मला ऑफिसात दिसलं सगळं. सागरला कॅमेरा बघायला सवडच नसते. जिन्यात जाऊन रडले."

"अगं मग घरी येऊन बोलायचं नाही का?"

"तुम्ही तरी कुठं बोललात? म्हटलं, दोघीही गप्प राहिलो तर अजून थोडे दिवस राहाल. मला पण कोण आहे हो इथं?"

मी तिला जवळ घेतलं. इतके महिने एकाच घरात आम्ही दोघी आपापल्या जागी एकट्या होतो, आणि एक गुळाचा डबा दोघींनी चोरून खाल्ला होता.

तरी तिकीट निघालंच. मालक एक वेळ रांधून दोन वेळ खात होते, आणि पाळणाघरात जागा झाली होती. गावी पोचल्या पोचल्या रजियाभाभींनी आणि गल्लीनं आपला हिस्सा वसूल केला. "चालती कशी, दाखवा तर," म्हणाल्या. मी हात वर करून डुलत चालून दाखवलं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, माझ्या जरा जास्तच.

येताना सागरनं तो कॅमेरा माझ्या मोबाईलात घालून दिला. दुपारी गाया सावलीला बांधल्या की मी ओट्यावर बसून ते रिकामं घर बघते. टीपॉय, सतरंजी, त्यावरनं सरकत जाणारं ऊन. चौदाव्या मजल्यावर आता बसलेल्या आज्यांनो, मला वाटायचं, गावी गेलं की माणूस घरी पोचतं. मी घरी आले, आणि घर बघायला मोबाईल उघडते.

सहाला दार उघडतं. सुरवातीला ठमी आली की आधी माझ्या कोपऱ्याकडं पळायची, सतरंजीवर हात आपटून बघायची, मग आईकडं वळायची. पुढं पुढं नुसतं त्या बाजूला बघायची. काल आली, आणि कोपऱ्याकडं बघितलंच नाही. प्राजक्ताचा हात धरून बोलत बोलत आत निघून गेली. असंच व्हायला पाहिजे. लेकराची वाढ म्हणतात ती हीच, मीच शिकवत होते आयांना.

मालक धार काढून आले, बादली खाली ठेवली.

"दिसली का?"

"दिसली."

"चालती का नीट?"

"पळती आता."

"मंग रडती कशाला?" म्हणाले, आणि माझ्या शेजारी बसून चपलेचा अंगठा नीट करायला लागले.