घरी बसवलेलं स्टेअरिंग

गॅरेज चालवणाऱ्या माणसाकडं किस्से किती साठतात म्हणून सांगू. काउंटरखालच्या डब्यात बिनकामाचे नट-बोल्ट पडून असतात, फेकवत नाहीत, तसलंच हे. कुपवाडला माझं गॅरेज होऊन सव्वीस वर्षं झाली. पूर्वी लोक गाडी बिघडली की घेऊन यायचे. आता आधी मोबाईलवर व्हिडिओ बघतात, घरी स्वतः बिघडवतात आणि मग घेऊन येतात. वर मलाच सांगतात, "तसं सगळं झालंय, थोडंच राहिलंय." हे थोडं राहिलेलं निस्तरण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

त्यातही स्टेअरिंगवर लोकांचा फार डोळा. कव्हर फाटलं, रंग उडाला, कुणाच्या तरी गाडीचं भारी दिसलं, की बसले बदलायला. मधला एक नट तर काढायचाय, असं त्यांना वाटतं.

हे सगळं ऐकायला माझ्याकडं रोज आबा असायचे. आबा म्हणजे आमच्या गल्लीतलेच. मिलिटरीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, वय चौऱ्याहत्तर, घरात एकटे. मुलगी सुनंदा कोयनानगरला दिलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आबा आपल्या जुन्या गाडीनं त्या वळणावळणाच्या रस्त्यानं जाऊन तिला भेटून यायचे. एसटी त्यांना जमायची नाही, मध्ये बदलायला लागते आणि गुडघे गेलेले. बाकीचा महिना ते त्या एका रविवारवर काढायचे.

*

मगदूमशेठचं घ्या. सांगलीत हळदीचे व्यापारी, बोलायला गोड माणूस. नवीन स्टेअरिंग आणलं आणि ठरवलं, दसऱ्याच्या मुहूर्तावर स्वतः बसवायचं. आता आत एअरबॅग असते, त्यामुळं बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबावं लागतं. जुनं काढण्याआधी दांड्यावर खूण करावी लागते, म्हणजे नवं त्याच जागी बसतं. मुहूर्त टळत चालला म्हणून शेठनी दोन्ही सोडून दिलं. नशीब थोर म्हणून एअरबॅग तोंडावर फुटली नाही. हार घातला, नारळ फोडला, गाडी बाहेर काढली तर सरळ रस्त्याला स्टेअरिंग डावीकडं कललेलं. वर एअरबॅगचा लाल दिवा पेटला तो विझेना.

मी म्हणालो, "शेठ, गाडी लावा इथं. काढून परत बसवतो."

"दसऱ्याला बसवलेलं काढत्यात व्हय?" शेठ म्हणाले आणि वाकड्या स्टेअरिंगनं निघून गेले.

दिवाळीनंतर आले तेव्हा लाल दिवा दिसत नव्हता. त्याच्यावर देवाचा स्टिकर चिकटवलेला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "सारखा डोळ्यात खुपत हुता. आता त्याचं त्यो बघंल."

*

दिलीप इथल्याच एका कारखान्यात लेथवर आहे. मशिनवरचा माणूस, त्याला कोण शिकवणार? स्टेअरिंगचा नट एकदम काढायचा नसतो. दोन आट्यांवर ठेवायचा आणि मग ओढायचं. यानं नट काढून खिशात घातला, सीटवर बसला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. चार झटक्यांना हललं नाही. पाचव्याला आलं ते थेट तोंडावर. पुढचा दात गेला.

कामावर लाजेनं सांगितलं की मोटरसायकलवरनं पडलो. सुपरवायझरनं त्याला सगळ्या शिफ्टसमोर उभं केलं आणि हेल्मेट न घालणाऱ्यांचं काय होतं, यावर वीस मिनिटं भाषण दिलं. दिलीप तोंडाला रुमाल धरून ऐकत राहिला.

आबा हे ऐकून इतके हसले की डोळ्यांतनं पाणी आलं. म्हणाले, "रविवारी सुनंदाला सांगतो ह्ये." पण त्या रविवारी त्यांना जाता आलं नाही.

*

कारण त्याच आठवड्यात पुण्याहून विलास आला. विलास म्हणजे आबांचा मुलगा. मोठी नोकरी, मोठी गाडी, मला काका म्हणतो.

"काका, आबांचं वय झालं. घाटात काही झालं तर लोक मलाच बोलणार. तुम्ही त्यांचं स्टेअरिंग काढून द्या, मी पुण्याला घेऊन जातो. किल्ली लपवली तर ते दुसरी करून आणतील."

मला वाटलं, पोराला बापाची काळजी आहे. आबा दुपारचे झोपले होते. जुनी गाडी, एअरबॅग वगैरे काही नाही, दहा मिनिटांचं काम. त्यांच्याच दारात त्यांच्याच गाडीचं स्टेअरिंग काढून मी विलासच्या डिकीत ठेवलं. माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कुणास ठाऊक.

संध्याकाळी आबा गॅरेजवर आले. "बाळू, स्टेअरिंग कुठं गेलं रं?"

विलासनं पढवून ठेवलेलं मी बोलून टाकलं. "आत बिघाड होता आबा. पार्ट यायचाय."

"किती दिस लागतील?"

"आठेक दिवस."

"म्हंजी रविवार हुकला," एवढंच म्हणाले आणि घरी गेले.

पुढं रोज सकाळी यायचे. "आला का रं पार्ट?" "न्हाई आबा." सव्वीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांना सांगत आलोय, कधी जीभ अडखळली नाही. आबांना सांगताना मात्र मी पान्याचं काम नसलं तरी पाना हातात घेऊन खाली बघायचो.

*

असे तीन महिने गेले. एक दिवस आबा माझ्याकडं बसलेले असताना सुनंदाचा फोन आला. आबांना ऐकायला कमी येतं, त्यामुळं स्पीकर चालू. मलाही ऐकू आलं.

"आबा, ह्या म्हैन्यातबी येणार न्हाईसा?"

"अगं, गाडीचा पार्ट यायचाय."

"तीन म्हैनं पार्ट येत न्हाई व्हय, आबा?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

माझ्यानं राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. विलास आला होता, मीच काढून दिलं, पार्टबिर्ट काही नाही. आबा चिडतील, शिव्या घालतील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला ठावं हाय की," आबा म्हणाले. "इतकी वर्सं गाड्या वढल्या, स्टेअरिंग आपसूक जात न्हाई एवढं कळतंय. तू कवा सांगतुयास, बघत हुतो."

मग म्हणाले, विलासला त्यांच्या वयाचं काही पडलेलं नाही. मोतीबिंदू काढल्यापासून डोळे चांगले आहेत, डॉक्टरनंच गाडी चालवायला परवानगी दिली आहे. प्रकरण शेताचं होतं. कवठे महांकाळच्या बाजूला त्यांची वडिलोपार्जित कोरडवाहू जमीन, तिकडं इतकी वर्षं कुणी ढुंकून बघितलं नाही. आता कालव्याचं पाणी आलं आणि विलासला एकदम शेतीचं प्रेम आलं. बहिणीनं हक्क सोडावा म्हणून त्यानं कागद पाठवले. सुनंदा सही करेना. आबा तिच्याकडं जातात म्हणजे तिला फूस लावतात, असं त्याच्या डोक्यात बसलेलं.

"मग सुनंदाला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"भावानं असलं केलं म्हणून तिला सांगू? म्हायेर तुटंल की रं तिचं."

असल्या पोराची मला मनापासून चीड आली. आणि त्याच्या डिकीत स्टेअरिंग ठेवणारा मीच, म्हणून स्वतःची जास्त आली.

*

दोन दिवसांनी आबा सांगलीच्या भंगारातनं एक स्टेअरिंग घेऊन आले. मी म्हणालो, "द्या इकडं, आत्ता बसवतो."

"तू काढलंस त्येवढं पुरं झालं. पाना दे."

दिला. त्यांच्या अंगणात जाऊन नुसता उभा राहिलो. हात लावायची सोय नव्हती. आबांचे हात आता कापतात. नट आट्यावर बसेना, तीन वेळा खाली पडला, तिन्ही वेळा गुडघे धरून वाकले आणि सीटखालनं शोधून काढला. पण पुढची चाकं आधी सरळ करून घेतली, स्टेअरिंग अगदी मध्यावर धरलं, नट पूर्ण आवळला, मग गल्लीतनं एक फेरी मारून आले. मगदूमशेठनी आणि दिलीपनं येऊन बघायला पाहिजे होतं, इतकं चोख काम. सकाळी सुरू केलेलं दुपारी संपलं. फक्त भंगारातलं असल्यामुळं हॉर्नची वायर जुळेना.

"आबा, हॉर्नशिवाय वळणांवर काय करणार? एक दिवस थांबा, मी वायर जोडून देतो."

"काच खाली ठेवतो. वरडीन."

उद्या रविवार, आता थांबणार नाही म्हणाले. गेलेही.

*

सोमवारी आबा गॅरेजवर आले. गाडी सुखरूप होती. मी चहा सांगितला. कप तसाच राहिला. शेवटी मीच विचारलं, "कशी हाय सुनंदा?"

आबांनी आतल्या खिशातनं घडी घातलेले कागद काढून काउंटरवर ठेवले.

"दारात मला बघितलं," ते म्हणाले, "आन् या म्हणली न्हाई. तशीच आत गेली. म्या आपला उंबऱ्यात हुबा. भायेर आली ती ह्ये घिऊनच. म्हणली, 'घ्या आबा. समद्या पानांवर सही केलीया. कचेरीत कवा यायचं त्ये दादाला इचारा. आता तरी येत जावा.'"