पलंगावरून दिसेल एवढी

माझे यजमान आयुष्यभर दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. काम काट्यांकडे बघण्याचं. कुठल्या नळीत किती दाब, कुठे किती तापमान, हे दर तासाला बघून लिहायचं. त्यामुळे घरातही त्यांना अंदाजपंचे काही चालायचं नाही. भिंतीवर खिळा ठोकायचा तरी आधी टेप काढायचे.

आजार आधी डाव्या हाताच्या बोटांत दिसला. शर्टाची बटणं लागेनात. मग मनगट, मग पाय. नसांचा आजार होता. एकेक स्नायू काम सोडत जातो, आणि परत येत नाही. डॉक्टरांनी मला तपासणीच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये बोलावून सांगितलं. "औषध आहे, पण बरं करणारं नाही. हळूहळू अंथरूण धरतील. शेवटी श्वासावर येईल." आणि लगेच म्हणाले, "त्यांना एवढ्यात सगळं सांगू नका." मी मान हलवली. आत येऊन ह्यांना म्हटलं, "व्यायाम करायला सांगितलाय. वेळ लागेल म्हणाले." चप्पल पायात सरकवायला मी वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतला आणि स्वतःच घातली. बराच वेळ लागला.

नोकरी सोडून आम्ही जळगावला मेहरूणमध्ये आलो. संध्याकाळी तलावाला फेरी मारायची, कठड्यापाशी थांबून पाणी बघायचं, एवढा एकच त्यांचा छंद उरला होता. ती फेरी आधी अर्धी झाली, मग कोपऱ्यापर्यंत, आणि एका उन्हाळ्यात बंदच पडली. तेव्हा ते म्हणाले, "घरात एक माशांची टाकी आणू."

मला इतका आनंद झाला! त्यांनी काहीतरी मागितलं होतं. रिक्षा दारात बोलावली आणि आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानदार बोलका होता. मला एक उंच, अरुंद टाकी फार आवडली होती, आत निळा दिवा असलेली. तो म्हणाला, "ताई, ही दिसायला छान आहे, पण आपल्याकडचं ऊन बघा. पाणी तापलं की त्यात हवा राहत नाही. उंच टाकीत पाण्याचं तोंड लहान, मासे गुदमरतात. शिवाय तुमचा हात तळापर्यंत पोचणार नाही, धुणार कशा? लांबरुंद घ्या. सव्वा फूट उंची पुष्कळ झाली." ह्यांना ते पटलं. अडीच फूट लांब, सव्वा फूट उंच अशी टाकी ठरली.

"आणि स्टँड?" दुकानदाराने विचारलं. "अडीच फुटाचा तयार आहे. खुर्चीत बसलं की मासे बरोबर डोळ्यांसमोर येतात."

"हाच द्या," मी म्हटलं. मनात मी जागाही ठरवून टाकली होती. बैठकीत खिडकीजवळ ह्यांची खुर्ची, समोर टाकी, शेजारी चहा.

हे म्हणाले, "नाही. सव्वा फुटाचा करून द्या."

दुकानदार हसला. "साहेब, सव्वा फूट म्हणजे गुडघ्याच्या खाली. वाकून बघावं लागेल."

"आमचा पलंग गादीसकट दीड फूट आहे," हे म्हणाले. बोलताना तेव्हा जीभ जड व्हायला लागली होती, म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलायचे. "कुशीवर झोपलं की डोळा जमिनीपासून दोन फुटांना जरा कमी येतो. मोजलंय मी. टाकीचा मध्य तिथे आला पाहिजे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, असं काय करता? दिवसभर काय झोपून राहणार आहात का?"

आमच्या घरात साधी मराठी बोलली जायची. मी धुळ्यात शहरात वाढले. अहिराणी ते फक्त साक्रीकडच्या गावी राहणाऱ्या धाकट्या भावाशी बोलायचे, आणि माझ्याशी फार क्वचित, आतून काही आलं तरच. त्या दिवशी दुकानात, त्या परक्या माणसासमोर, ते हळू म्हणाले, "माले बठ्ठं माहीत शे."

त्यांना सगळं किती दिवसांपासून माहीत होतं, कुणी सांगितलं, की स्वतःच कळलं, मी विचारलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. रिक्षात आम्ही दोघं बाहेर बघत बसलो.

टाकी आली. झोपायच्या खोलीत पलंगाच्या उजवीकडे बसवली. काळे, केशरी, दोन चांदीसारखे चपटे, असे मासे. उजव्या कुशीवर झोपले की त्यांच्या नजरेसमोर अगदी मधोमध पाणी यायचं. त्यांचं माप चुकलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांतच ते अंथरुणाला खिळले. मी त्यांना उजव्या कुशीवर वळवून पाठीशी उशी लावायची आणि स्वयंपाकाला लागायची. परत येईपर्यंत ते तसेच बघत असायचे. चेहऱ्यावर दिवसभरात जो काही सैलपणा यायचा तो तेवढाच. माझ्याकडे बघताना तो नसायचा. माझ्याकडे बघताना त्यांना माझीच काळजी दिसायची.

मग बोलणं गेलं. हो म्हणायचं तर पापण्या मिटायच्या, नाही म्हणायचं तर नजर बाजूला न्यायची, असं आमचं ठरलं. आणि त्यानंतर श्वास. आडवं झोपलं की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, डोक्याची बाजू वर होणारी दवाखान्यातली खाट आणा, आणि श्वासाचं मशीन लावा. खाट भाड्याने आणली. ती उंच होती, आणि वर ह्यांना टेकवून बसवल्यासारखं ठेवायचं. पहिल्या दिवशीच मी त्यांच्या उशीशी डोकं नेऊन त्यांच्या नजरेने पाहिलं. टाकीचं झाकण दिसत होतं. झाकण आणि त्यावरून गेलेली वायर. मासे कुठेच नव्हते. दुकानातला तो तयार स्टँड आता अगदी बरोबर झाला असता.

त्यांचा भाऊ गावाहून भेटायला आला होता. पिकांची कामं सोडून दर पंधरवड्याला यायचा, भावाचे पाय चोळत बसायचा. मी त्याला दाखवलं. तो लगेच उठला. "एवढंच ना, वहिनी? खाली ब्लॉक लावतो."

अंगणात सिमेंटचे ब्लॉक पडले होते. आम्ही बादलीने टाकीतलं अर्धं पाणी काढलं. सगळं काढायला पाहिजे होतं, मासे आणि वाळूसुद्धा, पण वैशाखाचं ऊन होतं, नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं, आणि ते आम्हा दोघांपैकी कुणाला सुचलंही नाही. ह्यांना मात्र कळत होतं. त्यांची नजर सारखी बाजूला जात होती. नाही, नाही. मला वाटलं, त्यांना आमचे कष्ट नको आहेत.

"भाऊ, आते दिसतीन तुले मासा," असं म्हणत दिराने स्टँडची एक बाजू उचलली आणि मी खाली ब्लॉक सरकवला. पाणी एका बाजूला गेलं. कडकन आवाज झाला. तळाची काच कोपऱ्यातून कोपऱ्यात फुटली.

पाणी खोलीभर झालं. खाटेखाली जमिनीवरच मशीनची वायर लावलेला बोर्ड होता. दीर ओरडला, "वहिनी, करंट!" मी धावत जाऊन भिंतीचं बटण बंद केलं. मशीन थांबलं. ह्यांचे डोळे मोठे झाले. गळ्याची शीर ताणली गेली. बैठकीतल्या प्लगपर्यंत वायर पोचत नव्हती, मशीन उचलून दारापर्यंत न्यायचं, तर नळी तोकडी पडत होती. शेवटी दिराने ती जड खाट एकट्याने ढकलत दाराशी नेली आणि मी वायर लावली. मशीनचा आवाज सुरू झाला. मी ओल्या फरशीवर बसले.

मासे तोवर वाळूत पडले होते. जे हलत होते ते दिराने ओंजळीने उचलून बादलीत टाकले. पण दुपारभर त्या बादलीचं पाणी कोमट होत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी एकही उरला नाही. मी बादली ह्यांच्या नजरेआड बाहेर नेली. आत येऊन विचारलं, "दुसरी आणू का? या वेळी उंच स्टँडवर?"

त्यांनी नजर बाजूला नेली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानंतर ते वर, पंख्याकडे बघत राहायचे. मी समोर फोनवर माशांचे व्हिडिओ धरून पाहिले. टीव्ही आणून लावला. त्यांना काहीच नको होतं.

पोळ्याच्या आधी ते गेले. मशीन चालूच होतं.

दहाव्याला सगळं आटोपल्यावर दीर पायरीवर बसला होता. मी जेवायला बोलवायला गेले. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, भाऊ नको म्हणी राहिंता. मी आयकं नही."

त्याचं काही चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मासे दिसत नाहीत हे मीच त्याला दाखवलं होतं, आणि ह्यांची नाही म्हणणारी नजर मीही पाहिली होती. पण ते तोंडातून बाहेर येईना. मी म्हटलं, "जेवून घ्या." तो उठला, हात धुतले, आणि तसाच बसस्टँडकडे निघून गेला.

आता तो येत नाही. अधूनमधून फोन करतो. "बरं शे ना?" एवढंच विचारतो. मी म्हणते, बरं आहे. मग त्याच्या बाजूने फोन बंद होतो.